सांबाराचे तीन वाफे

पिपरी मेघे, वर्धा
८ जुलै २०२४

उज्वला,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची रीत आहे. लिहिला आहे असं समज.

फोन करत नाही, कारण फोनवर तू मधेच बोलतेस. कागद मधे बोलत नाही.

तुमच्या त्या गावच्या शाळेत चौथीच्या पुढं वर्ग नाही, म्हणून तुझी आचल पाचवीला आमच्याकडे आली. जेवणखाण आजीकडे, शाळा रस्त्यापलीकडे. आणि तू तुझ्या आईच्या तोंडून माझ्यासाठी अट पाठवलीस : "बाबांनी तिला गणित शिकवायचं नाही." ज्याच्या अंगणातल्या टिनाच्या खोलीत तू जन्मायच्या आधीपासून गणिताचा वर्ग भरतो, त्यानं आपल्या नातीकडे पाठ करून बसायचं. तसाही मी बसलो. काल ती अट मोडली. दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

घडलं ते असं. आचल वर्गाच्या पायरीवर बसून शाळेचा गृहपाठ करत होती. उदाहरण साधं : अर्धा अधिक एक तृतीयांश. तिनं उत्तर लिहिलं, दोन पंचमांश. मी चाललो होतो, थांबलो. अर्ध्यात भर टाकली आणि उत्तर अर्ध्याहून कमी! बजाजवाडीच्या बाजारात अर्धा किलो वांग्यांवर आणखी चार वांगी टाकून वजन घटवून दाखव म्हणावं कोणाला.

"हे कसं आणलं?" मी विचारलं.

तिनं वही फिरवली. पवनारच्या आपल्या मळ्यातले वाफे काढले होते. इकडं दोन वाफे, त्यातला एक हिरवा रंगवलेला. तिकडं तीन वाफे, त्यातला एक हिरवा.

"हे पाहा ना आबाजी. इकडं दोनातला एक पेरला, तिकडं तिनातला एक पेरला. वाफे किती झाले? पाच. पेरले किती? दोन. मोजून घ्या!"

"कोणी शिकवलं?"

"आईनं. समजलं नाही की चित्र काढायचं, म्हणते आई."

मी म्हटलं, "कशाचा अर्धा? कशाचा तिसरा हिस्सा?"

"वाफ्यायचा."

"कोणत्या वाफ्यांचा? दोन्ही एकाच मापाचे आहेत का?"

तिला ते कळलं नाही. 'कशाचा' हा प्रश्नच तिला कोणी विचारलेला नव्हता. रंग मात्र सुबक भरला होता, रेषेबाहेर कुठं गेला नव्हता.

तू शिक्षक आहेस. शासन तुला पगार देतं. मी दहावी नापास. जिनिंगमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर उभा राहून, रद्दीतली पुस्तकं वाचून शिकलो. पण तालुक्याच्या प्रशिक्षणात उभं राहून, बापानं उन्हात उभं करून साडेतिनाचा पाढा म्हणून घेतला, म्हणून मला अजून आकड्यांची भीती वाटते, असं सांगून टाळ्या तू घेतल्यास. ती चित्रफीत माझ्याच विद्यार्थ्यानं मला दाखवली. तीन वर्षं झाली. तेव्हापासून तुझ्याशी बोललो नाही आणि आत्ताही बोलत नाही आहे, लिहितो आहे.

आजपासून आचल माझ्या वर्गात बसेल.

कैलास


पिपरी मेघे
१९ ऑगस्ट २०२४

उज्वला,

तुझं पत्र पोचलं. पाकीट पोचलं नाही. रंगीत पट्ट्या पाठवल्या म्हणतेस. टपालात कुठं पडल्या असतील.

तुझं म्हणणं असं की आचलचं चित्र चुकलं नाही, पूर्ण कशाला धरायचं ते चुकलं. एकाच लांबीच्या दोन पट्ट्या द्या, एकीचे दोन भाग करू द्या, दुसरीचे तीन, मग दोन्ही शेजारी ठेवून सहा-सहा भाग पाडू द्या, म्हणजे तिचं तिलाच दिसेल. 'दिसेल' हा तुझा आवडता शब्द आहे. एका पत्रात पाच ठिकाणी आला आहे.

बरं, मग उणे तीन दाखव पट्टीवर. उणे तिनाला उणे दोनानं गुण आणि हिरवा रंग भर. पोरगी आठवीत जाईल तेव्हा तुझे वाफे, पट्ट्या, मणी सगळे संपलेले असतील, आणि तिच्याजवळ नियम नसेल. तेव्हा ती तुझ्यासारखीच कुठल्यातरी माइकसमोर उभी राहून बापाला दोष देईल. आधी चुकीच्या बोळात पाठवायचं आणि मग हात धरून परत आणायचं, याला तुम्ही लोक आनंददायी शिक्षण म्हणता. मी सरळ रस्त्यानं नेतो. छेद समान करा, अंश मिळवा. पंधरा दिवसांत ती ते झोपेतही करू लागली आहे.

माझ्या वर्गाचे नियम तुला माहीत आहेत, भिंतीवर रंगवलेलेच आहेत. चुकीचं उत्तर देणारा वर्ग सुटेपर्यंत बाहेर उभा. त्याला वय नाही, फी नाही, नातं नाही. तुझ्या पोरीसाठी एक नियम वाढवावा लागला : चित्र काढायचं नाही.

ती खोडकर आहे. वही बंद केली तर बोटानं बाकावर काढायची. बाकावरून हात उचलायला लावला तर फ्रॉकवर, मांडीवर काढायची. नख फिरताना मला दिसायचं : दोन वाफे, तीन वाफे. म्हणून आता ती हात मांडीखाली ठेवून गणित करते. दोन्ही हात, तळवे खाली. उत्तर तोंडानं सांगायचं, मी फळ्यावर लिहितो.

तुझ्या आईनं यावरून घर डोक्यावर घेतलं.

"काऊन जी, लेकराचे हात काऊन दाबून ठेवले? बोटं पांढरी पडली तिचे!"

मी म्हटलं, "हात मोकळे असले की डोकं काम करत नाही तिचं."

"तुमचे हात कोणी दाबले होते लहानपणी, म्हणून तुम्ही असे झाले?"

तुझ्या आईला हजरजबाबीपणा आहे, गणित नाही.

आचल रडली का, असं तू विचारलं आहेस. पहिले तीन दिवस. आता रडत नाही.

कैलास


पिपरी मेघे
११ नोव्हेंबर २०२४

उज्वला,

दिवाळीला तू आणि जावईबापू आलात, राहिलात, आणि मी तुझ्याशी चहापुरतंही बोललो नाही, हे तुझ्या आईला लागलं. मला जे सांगायचं होतं ते आचलनं सांगितलं.

तू स्वतः प्रश्न घातलास. दोन तृतीयांशाचे तीन चतुर्थांश किती. जरा मुद्दाम घातलास, मला ठाऊक आहे. पाचवीच्या पोरीला तो अडतो. ती खाटेवर बसली होती. हात मांडीखाली घेतले आणि बोटं न मोजता म्हणाली, "सहा छेद बारा. म्हणजे अर्धा."

मुकेशराव म्हणाले, "अरे वा! लय हुशार झाली की आमची पोरगी!" सरळ माणूस. तू मात्र तिच्या मांड्यांकडे पाहत होतीस.

"हात काऊन दाबून बसली, बेटा?"

"असंच बसतात."

मग तू कागद ओढलास आणि एक चौकोन काढलास, त्याचे उभे तीन भाग, आडवे चार. म्हणालीस, "पाहा, अर्धा कसा आला ते तुला दाखवतो." वर्ध्याची हवा लागली की तुझी भाषाही परत येते. आचलनं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आई, खोडून टाक ते. लहान लेकरं काढतात चित्र."

"मले दिसू तर दे, तुले कसं समजलं."

"समजायचं काय त्यात? उत्तर बरोबर आहे ना?"

बरोबर होतं. मी ओसरीवरून ऐकत होतो. तू उठून स्वयंपाकघरात गेलीस आणि नळ सोडलास. आमच्याकडे नळाला पाणी सकाळीच येतं, हे तू विसरली होतीस.

नंतर तू तिचे कपडे पिशवीत भरायला घेतलेस. नोकरी सोडीन, बदली मागीन, आपल्याजवळ घरीच शिकवीन, असं काहीबाही म्हणत होतीस. मी अडवलं नाही. दारातही उभा राहिलो नाही. पोरीलाच विचार, एवढंच म्हटलं. ती काय म्हणाली ते तू ऐकलंस, तरी लिहून ठेवतो, म्हणजे पुढं तू त्यात फेरफार करणार नाहीस :

"मी नाई येत. तुझ्यासंग आली तर मी तुझ्यासारखी होईन."

हे वाक्य माझं आहे. मीच तिला एकदा म्हटलं होतं. पण तोंड तिचं होतं, आणि तिनं ते कोणी न सांगता, योग्य जागी वापरलं. शिकवणं याला म्हणतात.

बसस्टँडवर सोडायला ती आली नाही, कारण शिष्यवृत्तीचा सराव पेपर होता. तू खिडकीतून हात हलवत होतीस, ते पाहायला मी एकटाच होतो. मी हलवला नाही.

कैलास


पिपरी मेघे
२० जानेवारी २०२५

उज्वला,

तुझ्या आईनं तुला फोनवर काय सांगितलं ते मला ठाऊक आहे. ती सांगताना रडते आणि रडताना तपशील चुकवते. म्हणून हे लिहितो.

दिवाळीनंतर पवनारला माझे थोरले बंधू नानाजी यांनी आचलला तीन वाफे दिले. काय पेरायचं ते तिनंच ठरवलं. सांबार पेरला. पुण्यामुंबईकडे त्याला कोथिंबीर म्हणतात. दर रविवारी माझ्या मागं गाडीवर बसून जायची, झारीनं पाणी द्यायची, धाम नदीच्या काठचा गाळ आणून टाकायची. सांबार चांगला वीतभर झाला होता. चांगल्याला चांगलं म्हणायला मी कचरत नाही.

पंधरा दिवसांमागं तिच्या सराव पेपराच्या मागच्या पानावर मला चित्रं सापडली. तीन. बारीक, पेन्सिलीनं, खोडरबरानं पुसलेली, पण कागद उजेडात धरला की रेघा दिसत होत्या. वाफेच. पाच महिने हात मांडीखाली ठेवून, ती घरी पांघरुणात चित्रं काढत होती आणि वर्गात येऊन मला नियम म्हणून दाखवत होती.

मी ओरडलो नाही. त्या रविवारी तिला पवनारला नेलं. तीन चित्रं, तीन वाफे.

म्हटलं, "तुझ्या आईच्या पद्धतीनं शिकू आज. हा एक वाफा म्हणजे एक. याचा अर्धा उपट."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग वितीनं वाफा मोजला, मधे काडी रोवली आणि अर्धा उपटला. मुळांसकट. माती झटकून जुड्या बाजूला ठेवल्या.

"आता उरल्याचा तिसरा हिस्सा उपट."

उपटला.

"हा सगळ्या वाफ्याचा कितवा भाग?"

"सहावा."

"उभा किती राहिला?"

"एक तृतीयांश."

एकही उत्तर चुकलं नाही. नानाजी बांधावरून ओरडत आले. "अरे कैलास, येडा झाला का बे? बाजाराचा माल आहे तो! लेकराचा आहे!"

"म्हणूनच," मी म्हटलं.

"आपल्या बापानं तुले असं शिकवलं होतं का?"

"बापानं मला काहीच शिकवलं नाही. तुम्हालाही नाही. म्हणून तुम्ही अजून अडत्याच्या पावतीवर अंगठ्यानं बेरीज करता."

पहिला वाफा साफ झाला. दुसराही मी तसाच करून घेतला, पाव, निम्मा, पाऊण. तिसऱ्याला मी काही म्हणणारच होतो, तोवर ती स्वतःच त्यात उतरली. मी थांब म्हटलं. तीन चित्रं होती हे खरं, पण दोन वाफ्यांत धडा पुरा झाला होता, तेवढं मलाही कळतं. तिनं ऐकलं नाही. स्वतःच म्हणत होती, "पाव उपटला, उरला पाऊण. पाऊणाचा तिसरा, म्हणजे पाव, उपटला, उरला निम्मा," आणि उपटत होती. शेवटची काडी उपटून म्हणाली, "शून्य. झालं आबाजी, चला."

तुझ्या आईनं त्या सांबाराला हात लावला नाही. "ह्या सांबाराची चटणी तुम्हीच वाटा, तुम्हीच खा," म्हणाली. दोन दिवस घरात वास होता. मग गाईला घातला.

तू लिहिशील की हे क्रूर आहे. अपूर्णांकांचा गुणाकार ती आता मरेपर्यंत विसरणार नाही. तुझा एक विद्यार्थी दाखव असा.

कैलास


पिपरी मेघे
१७ फेब्रुवारी २०२५

पेपर झाला. घरी येऊन तिनं सगळी उत्तरं तोंडपाठ सांगितली, मी ताडून पाहिली. एक चुकलं, तेही भाषेचं. आजीच्या फोनवर सारखे फोन करू नकोस. ती 'चांगली आहे' म्हणते तेव्हा ती चांगली असते. तिला आणखी काय म्हणायला लावायचं आहे तुला?

कैलास


पिपरी मेघे
२४ मार्च २०२५

उज्वला,

हे पत्र मी दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा लिहितो आहे, तेव्हा नीट वाच.

परीक्षेनंतर मी आचलला वर्गात माझ्या शेजारी बसवू लागलो. सातवीची पोरं चुकली की ती सांगायची, "बाहेर." हसायची नाही, जीभ दाखवायची नाही. पीयूष नावाचा दांडगा पोरगा आहे, तिच्या दुप्पट. तोही मान खाली घालून जायचा. मला तिचा अभिमान वाटत होता.

परवा याच पीयूषनं घरचा प्रश्न आणला. त्याचा बाप मळ्यात ठिबकची नळी जोडत होता. साडेतीन मीटर नळी, पाऊण-पाऊण मीटरचे तुकडे करायचे. किती तुकडे पडतील, किती नळी उरेल? असले प्रश्न मी तोंडी सोडवतो. सात छेद दोन, भागिले तीन छेद चार, उलटा, गुणा, चौदा छेद तीन.

"चार पूर्णांक दोन तृतीयांश," मी म्हटलं. "चार तुकडे, आणि दोन तृतीयांश मीटर नळी उरली."

आचलचा आवाज आला, "कशाचे दोन तृतीयांश?"

मी म्हटलं, "मीटरचे. गप बस."

"कशाचे, आबाजी?"

"सांगितलं ना एकदा!"

"पाऊण चार वेळा घेतलं तर तीन मीटर होतात," ती म्हणाली. "साडेतिनातून तीन गेले. अर्धा मीटर उरला. दोन तृतीयांश नाई."

पीयूष खिशातून बापाची मोजपट्टी काढत होता, ती त्यानं परत आत ठेवली. अर्धा मीटर. माझा नियम बरोबर होता, गुणाकार बरोबर होता, आणि उत्तर चूक होतं. का, ते मला त्या क्षणी सांगता येत नव्हतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाहेर."

भिंतीवर नियम माझ्याच हातचा आहे. मी खडू ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. ऊन होतं. वर्ग सुटायला अर्धा तास होता. आतून तिचा आवाज येत होता, ती पुढचं उदाहरण घालत होती.

उभा राहून मी डोक्यात पुन्हा केलं. पुन्हा तेच, चार पूर्णांक दोन तृतीयांश. तिसऱ्यांदा केलं. मग चपलेच्या टोकानं धुळीत एक लांब रेघ ओढली. तिच्यावर पाऊण-पाऊणचे चार तुकडे पाडले. टोकाला थोडी रेघ उरली. त्या उरलेल्या रेघेशेजारी एक तुकडा आखून पाहिला, त्याचे तीन भाग केले, तेव्हा दिसलं. दोन भाग उरले होते. तुकड्याचे दोन तृतीयांश, मीटरचे नव्हेत. जुलैमध्ये वाफ्यांबद्दल मी जे तिला विचारलं होतं, तेच.

तुझा शब्द मी वापरला हे तुझ्या लक्षात आलं असेल. दुसरा सापडला नाही.

वर्ग सुटायच्या आत मी पायानं ते पुसलं. पोरं गेली. आचल शेवटी आली. जमिनीकडे पाहिलं, माझ्या चपलेकडे पाहिलं. धूळ पुसली की पुसल्याचा डाग राहतो, तो तिला माझ्याहून जास्त ओळखता येतो.

"चित्र काढलं का, आबाजी?"

मी चपलेची धूळ झटकली.

"मंग आता तुमचं काय उपटायचं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. पेन्सिलीला टोक करताना असतो तसा चेहरा होता. ती खरंच विचारत होती. मी आजूबाजूला पाहिलं. टिनाची खोली, फळा, बाक. ती आत गेली. रात्री जेवताना पुन्हा विचारलं. काल सकाळी पुन्हा. तुझी आई म्हणाली, "द्या आता उत्तर. तुमच्याजवळ तं सगळ्यायची उत्तरं राह्यतात."

तुझं पाकीट ऑगस्टमध्येच पोचलं होतं. डस्टरच्या डब्यामागं होतं. काल मी ते फोडलं. हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्या नीट कापलेल्या आहेत. कडा सरळ आहेत, त्यात दोष काढता येत नाही. मी त्या तिच्यासमोर मांडल्या. एक अख्खी, तिच्याखाली दोन अर्ध्या, त्यांच्याखाली तीन. म्हटलं, घे, लाव, तुझ्या आईनं पाठवल्या आहेत. आज नियम नाही.

मला हे शिकवता येत नाही, उज्वला. हे माझ्याजवळ नाही. शनिवारची बस पकड आणि ये. तिला घेऊन जा.

पट्ट्यांना ती शिवली नाही. खाटेवर सरळ बसली, दोन्ही हात मांडीखाली घेतले, तळवे खाली, आणि म्हणाली,

"विचारा."

बाबा